दोन बादल्या, चार पिशव्या आणि शेजारधर्म

१/
११ सप्टेंबर २००१. सकाळी दहा वाजून तीन मिनिटे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, शँक्सव्हिल या खेड्याबाहेरच्या मोकळ्या रानात ‘युनायटेड ९३’ हे अपहृत विमान कोसळले. विमानातील चाळीस प्रवासी व कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी जगाचे डोळे न्यूयॉर्ककडे लागले होते. इथे मात्र धुराच्या दिशेने सर्वप्रथम धावले ते शँक्सव्हिलच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक. गावाची वस्ती जेमतेम अडीचशेची. धावणाऱ्यांना पगार नव्हता, ते हातातली कामे टाकून निघालेले गावकरी होते.

२/
अडीचशे माणसांच्या खेड्यात आगीचा बंब असतो, तो चालवणारी शिकलेली माणसे असतात, कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असते. हे कसे घडले? तहान लागल्यावर विहीर खणण्याची माणसाची जुनी सवय या लोकांनी कशी मोडली? याचे उत्तर शोधायला त्याच राज्यात, पण २६५ वर्षे मागे जावे लागते. मित्रहो, आजची गोष्ट त्या सवयीची आहे आणि तिच्यातल्या एका मोठ्या भगदाडाचीही.

३/
विल्यम पेन याने १६८२ मध्ये फिलाडेल्फिया वसवले, तेव्हा लंडनची १६६६ ची भीषण आग इंग्रजांच्या स्मरणात ताजी होती. त्यामुळे नव्या नगराची आखणी करताना त्याने सूचना दिली की घरे भूखंडाच्या मध्यभागी बांधावीत आणि सभोवती बागा, शेते राखावीत, म्हणजे हे गाव कधी जळणार नाही. रस्ते रुंद आखले गेले, चौक मोकळे ठेवले गेले. आपत्तीची पूर्वतयारी इथे नकाशातच काढलेली होती.

४/
परंतु नकाशा एक सांगतो आणि बाजार दुसरेच करतो. व्यापार डेलावेअर नदीच्या काठी चाले, म्हणून प्रत्येकाला नदीकाठीच जागा हवी होती. भूखंडांचे तुकडे पडले, गल्ल्या निघाल्या, घराला घर चिकटले. अखेर १६९६ मध्ये कायदा करावा लागला. प्रत्येक घरमालकाने धुराडे पुसण्यासाठी लांब दांड्याचा पोचारा आणि दोन चामडी बादल्या बाळगाव्यात आणि ज्याच्या धुराड्याला आग लागेल त्याला दंड व्हावा, असे त्यात होते.

५/
त्या काळची आग कशी विझवत, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. नळ नाहीत, पाणी विहिरीत किंवा नदीत. माणसांच्या दोन रांगा लागत. एका रांगेतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात, दुसरीतून रिकाम्या परत येत. हातपंपाचा बंब असला तरी त्याची टाकी बादल्यांनीच भरावी लागे. या रांगेत दहा माणसे कमी पडली की पाणी तुटे. दहा माणसे गोंधळली तरीही तेच होई.

६/
एप्रिल १७३० मध्ये नदीकाठच्या एका धक्क्यावरील वखारीला आग लागली. धक्क्यावरच्या वखारी गेल्या, रस्ता ओलांडून ज्वाळा घरांपर्यंत पोहोचल्या. गर्दीत माल वाचवायला आलेले हात होते, तसे तो लांबवणारेही होते. ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्राने लिहिले की चांगले बंब आणि साधने हाताशी असती तर आग पसरलीच नसती. त्यानंतर नगरपालिकेने बंब, शेकडो बादल्या, शिड्या आणि आकडे यांची खरेदी मंजूर केली. साधने आली. ती वापरणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे मात्र विकत मिळणारी नव्हती.

७/
त्या वृत्तपत्राचा मुद्रक होता चोवीस वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन. त्याचा जन्म १७०६ मध्ये बोस्टनमध्ये झाला. तो पाच वर्षांचा असताना, १७११ मध्ये, बोस्टनने मोठी आग पाहिली होती आणि तेथील काही नागरिकांनी १७१७ च्या सुमारास परस्परांची मालमत्ता वाचवण्यासाठी एक मंडळी स्थापन केली होती. फ्रँकलिन फिलाडेल्फियात आला तेव्हा ही कल्पना त्याला नवीन नव्हती. आपल्या नव्या गावात ती कशी रुजवावी, हा प्रश्न होता.

८/
फेब्रुवारी १७३५ मध्ये त्याने आपल्याच पत्रात एक निनावी पत्र छापले आणि त्यात एका वृद्ध नागरिकाचा आव आणला. जळते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नयेत, झाकणाच्या भांड्यातून न्यावेत. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत आणि त्यांच्या हलगर्जीला त्यांनाच जबाबदार धरावे. बोस्टनप्रमाणे प्रत्येक बंबामागे सराव केलेली मंडळी असावी. उपायापेक्षा सावधगिरी कितीतरी स्वस्त पडते, हा त्याचा प्रसिद्ध विचार याच पत्रातला. आज तो आरोग्याच्या संदर्भात सांगितला जातो, पण मुळात तो आगीविषयी लिहिलेला होता.

९/
७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. इथे ‘कंपनी’ म्हणजे नफ्याचा धंदा नव्हे. ही एक मंडळी होती, लेखी कराराने बांधलेली. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने दोन चामडी बादल्या आणि चार जाड कापडी पिशव्या सदैव तयार ठेवायच्या. त्यांवर नाव घातलेले असे आणि पिशवीच्या तोंडाशी ओढून बांधायची दोरी. बादल्या कशासाठी, हे उघड आहे. पण पिशव्या कशाला?

१०/
पिशव्या माल बाहेर काढण्यासाठी. घराचा विमा तेव्हा तिथे मिळत नव्हता. पुष्कळदा घर वाचत नसे. मग भांडी, कपडे, हिशेबाच्या वह्या, दुकानातला माल हेच कुटुंबाचे उरलेले भांडवल. १७३० च्या आगीत हेच चोरीला गेले होते. म्हणून करारात कामे वाटून दिलेली होती. काहींनी आग विझवायची, काहींनी सामान पिशव्यांत भरून हलवायचे आणि काहींनी त्यावर पहारा करायचा. रात्रीची हाक आली तर खिडक्यांत दिवे लावायचे, म्हणजे धावणाऱ्यांना रस्ता दिसेल आणि चोरांना अंधार मिळणार नाही.

११/
करारातले एक कलम मला सर्वांत जास्त भावते. सभासदाचा मृत्यू झाला तर त्याच्या विधवेला, ती विधवा असेपर्यंत, पतीच्या हयातीत मिळाली असती तशीच मदत मिळत राहील. अट एवढीच की तिने बादल्या व पिशव्या नीट ठेवाव्यात. भावनेच्या भरात दिलेले हे आश्वासन नव्हते, ते शांतपणे बसून आधी लिहून ठेवलेले होते. संकटात माणसाचा स्वभाव कसा वळेल याचा भरवसा नसतो, म्हणून शेजारधर्म कागदावर आणला गेला.

१२/
दुसरी युक्ती बैठकीची. मंडळी दरमहा संध्याकाळी जमे आणि आगीविषयी अनुभव व कल्पना यांची देवाणघेवाण करी. गैरहजर राहणाऱ्याला किरकोळ दंड होई आणि त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या, आकडे विकत घेतले जात. आळसातूनच साधने उभी राहण्याची ही सोय! त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आग वर्षात दोनदाच लागली तरी माणसे बारा वेळा भेटलेली असत. रांगेत शेजारी कोण उभा आहे, हे ठाऊक असे.

१३/
तिसरी युक्ती मर्यादेची. मंडळीत सुमारे तीसच माणसे. आणखी कोणी यायचे म्हटले तर त्याला सांगितले जाई, तुमची वेगळी मंडळी काढा. त्यामुळे १७३८ मध्ये ‘फेलोशिप’, १७४२ मध्ये ‘हँड-इन-हँड’, १७४३ मध्ये ‘हार्ट-इन-हँड’ अशा मंडळ्या निघत गेल्या. एक मोठे दल वाढवण्याऐवजी लहान दलांचे जाळे विणले गेले. अमेरिकेच्या गावोगावी पुढे हाच साचा पोहोचला.

१४/
१७५२ मध्ये यातूनच ‘फिलाडेल्फिया काँट्रिब्युशनशिप’ ही परस्पर विमा संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षी १४३ घरांचा विमा उतरवला गेला. विमा देण्यापूर्वी घराची पाहणी होई, बांधकाम आणि धुराडी तपासली जात. विमा उतरवलेल्या घरावर चार हात एकमेकांत गुंफलेले चिन्ह लावले जाई. फ्रँकलिनने म्हातारपणी आत्मचरित्रात समाधानाने नोंदवले की मंडळ्या निघाल्यापासून एका वेळी एक-दोन घरांपलीकडे आग गेली नाही.

१५/
इथवरची कथा शाळेच्या धड्यात शोभावी अशी आहे. पण इतिहास वाचताना एक प्रश्न नेहमी विचारावा : या करारात कोण होते आणि कोण नव्हते? बादल्यांना पैसे लागत, बैठकीला वेळ लागे. सभासद होते घरदार असलेले गोरे पुरुष. त्याच गावात हजारो कृष्णवर्णीय माणसे राहत होती. काही गुलाम, तर पुढे वाढत्या संख्येने स्वतंत्र. त्यांची घरेही लाकडाचीच होती आणि आगीला रंग कळत नाही.

१६/
१७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पाच हजार माणसे गेली, म्हणजे गावातील दहापैकी एक. सुखवस्तू लोक पळाले. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, अशी चुकीची समजूत तेव्हा डॉक्टरांमध्येही होती. तिच्या आधाराने त्यांना मदतीचे आवाहन झाले. अ‍ॅब्सालोम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली. त्यांचीही माणसे शेकड्यांनी दगावली. साथ ओसरल्यावर त्यांच्यावरच लुबाडणुकीचा आरोप झाला आणि १७९४ मध्ये जोन्स व अ‍ॅलन यांना पुस्तिका छापून त्याचे खंडन करावे लागले.

१७/
पंचवीस वर्षांनंतर, १८१८ मध्ये, याच समाजातील तरुणांनी ‘आफ्रिकन फायर असोसिएशन’ काढायचे ठरवले. मागणी काय, तर आमच्याही हाती बंब असू द्या, आम्हीही आग विझवू. गोऱ्या मंडळ्यांनी बैठक घेऊन विरोध केला. वातावरण इतके तापले की कृष्णवर्णीय समाजातील वडीलधाऱ्यांनीच, अनर्थ टळावा म्हणून, माघार घेण्याचा सल्ला दिला. मंडळी विसर्जित झाली. एका गावाने, केवळ मनातल्या अढीपायी, आग विझवायला तयार असलेले हात नाकारले.

१८/
त्याची परिणती १८३८ मध्ये दिसली. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी वर्गणी जमवून ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ ही भव्य वास्तू बांधली. १४ मे रोजी ती उघडली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे एकत्र सभा घेत आहेत, हे पाहून बाहेर जमाव खवळला. १७ मे रोजी महापौरांनी इमारतीला कुलूप लावले, जमावाला घरी जाण्याचे आवाहन केले आणि ते निघून गेले. त्याच रात्री जमावाने ती वास्तू पेटवली.

१९/
अग्निशमन मंडळ्या आल्या. बंब होते, पाणी होते, सराव होता. त्यांनी आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारले आणि पेटलेली वास्तू जळू दिली. एका मंडळीने तिच्यावर पाणी सोडू पाहिले, तेव्हा इतरांनी आपल्या नळ्या तिच्याकडेच वळवल्या. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण वेंधळेपणासाठी वापरतो. इथे बंब वेंधळेपणाने चुकला नव्हता. रामेश्वरी कुठे आहे, हे सर्वांना नीट ठाऊक होते.

२०/
मराठी वाचकाला हे लोक अगदीच परके नाहीत. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. त्या चळवळीला किती किंमत मोजावी लागली याचा एक पुरावा म्हणजे फिलाडेल्फियातील ही चार दिवसांची वास्तू.

२१/
जो करार कोणाला वगळायला शिकतो, तो हळूहळू आतूनही सडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या शहरांतील अनेक मंडळ्या टोळ्या बनल्या होत्या. आपापल्या वस्तीचा, वंशाचा, धर्मपंथाचा अभिमान बंबावर रंगवलेला असे. आगीपाशी आधी कोण पोहोचले यावरून हाणामाऱ्या होत. फिलाडेल्फियातील ‘मोयामेन्सिंग होज कंपनी’ची दहशत तर कुप्रसिद्ध होती. कधी आगी मुद्दाम लावल्या जात, प्रतिस्पर्ध्याला दबा धरून गाठण्यासाठी.

२२/
मग यंत्र आले. १ एप्रिल १८५३ रोजी सिनसिनाटी शहराने पगारी अग्निशमन दल सुरू केले आणि घोड्यांनी ओढायचा वाफेवरचा बंब वापरात आणला. हातपंप चालवायला पुष्कळ माणसे लागत, वाफेच्या बंबाला थोडी पुरत. शेकडो स्वयंसेवकांची गरज संपली, त्यांची राजकीय ताकदही ओसरली. फिलाडेल्फियात पगारी दल आले ते १८७१ मध्ये. फ्रँकलिनच्या गावाने फ्रँकलिनची पद्धत सोडायला १३५ वर्षे घेतली.

२३/
लहान गावांत मात्र ती टिकली. कारण साधे आहे. जिथे आगी क्वचित लागतात आणि कराचे उत्पन्न तुटपुंजे असते, तिथे चोवीस तास पगारी माणसे बसवून ठेवणे परवडत नाही. म्हणून गावकरीच शिकतात, सराव करतात, भोंगा वाजला की धावतात. बंबासाठी पैसा उभा करायला गावजेवणे होतात, जत्रा भरतात. आजही अमेरिकेतील अग्निशामकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्वयंसेवक आहेत. अपघात, पूर, वादळ, हृदयविकाराचा झटका, सगळ्यासाठी हाक त्यांनाच जाते.

२४/
शँक्सव्हिल ज्या सॉमरसेट परगण्यात आहे, तिथेच जुलै २००२ मध्ये क्वीक्रीकच्या कोळसा खाणीत पाणी शिरून नऊ कामगार अडकले. वर छिद्र पाडून तीन दिवसांहून अधिक काळ झुंज चालली आणि नऊही जण जिवंत बाहेर आले. या काळात त्यांची कुटुंबे थांबली होती ती जवळच्या सिप्सव्हिल गावातील अग्निशमन दलाच्या सभागृहात. बंब ठेवायची जागा संकटात गावाची ओसरी होते, ती अशी.

२५/
पण ही ओसरी रिकामी होत चालली आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत सुमारे नऊ लाख स्वयंसेवी अग्निशामक होते. २०२० मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास उरले, आणि या काळात देशाची लोकसंख्या तर वाढली. तरुण शहरांकडे जातात, नोकरी दूरच्या गावी असते, प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत. फ्रँकलिनला दंड आकारून माणसे बैठकीला आणता आली, कारण सगळे एकाच गावात राहत आणि तिथेच कमावत.

२६/
आता पुन्हा शँक्सव्हिलच्या रानात या. तिथे पोहोचलेल्या स्वयंसेवकांना वाचवण्यासारखे कोणी सापडले नाही. त्यांनी विखुरलेल्या छोट्या आगी विझवल्या. त्या विमानात त्यांच्या गावचे कोणी नव्हते. प्रवासी कोण, कोणत्या धर्माचे, कोणत्या वर्णाचे, हे धावताना कोणी विचारले नाही. १८३८ च्या रात्री फिलाडेल्फियाच्या मंडळ्यांकडे बंब होते, पाणी होते, सराव होता आणि नेमकी हीच एक गोष्ट नव्हती.

२७/
म्हणून मित्रहो, या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, संकटातले धैर्य आयत्या वेळी येत नाही. ते महिन्याच्या कंटाळवाण्या बैठकीत, नाव घातलेल्या बादलीत, दोरी लावलेल्या पिशवीत आधी साठवावे लागते. दुसरी, तयारी कितीही चोख असली तरी शेजारी कोणाला म्हणायचे हे ठरवताना जर आपण हात आखडला, तर भरलेली बादलीही रिकामीच.

२८/
जाता जाता एक काम. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, गल्लीत रात्री दोन वाजता आग लागली, तर पहिली हाक कोणाला जाईल? पाणी कुठून येईल? अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण उचलेल? आणि त्या हाकेच्या यादीत कोपऱ्यावरच्या झोपडीतले कुटुंब आहे का? उत्तरे कागदावर लिहून काढा. १७३६ च्या त्या तीस माणसांनी सुरुवात तशीच केली होती. त्यांच्या यादीत जी नावे राहून गेली, ती आपल्या यादीत राहू नयेत.

(थ्रेड समाप्त)